चोवीस ढिगांची एक रास

धोंडेवाडी, पाथर्डीच्या पलीकडे
१७ नोव्हेंबर १९४०

सौ. दमयंती हिस,

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की तुझी छत्री माझ्याकडे राहिली आहे. नोव्हेंबरात मुंबईत छत्रीवाचून कुणाचं अडत नाही हे मला ठाऊक आहे, पण ज्याची वस्तू त्याला कळवलेली बरी. दुसरं काहीही कारण नाही.

आता कागद उरलाच आहे तर इकडची हकिकत लिहितो.

दिवाळीनंतर नगर स्टेशनवर तू गाडीत चढलीस ती पाठमोरीच. गाडी दिसेनाशी होईपर्यंत मी उभा होतो, हेही फक्त माहितीसाठी. मी बोललो ते चुकलं असं मी अजून म्हणत नाही. जिल्ह्याजिल्ह्यांत प्लेग वाढला म्हणून तुमच्या प्रयोगशाळेने तुझं आंबाडीच्या पाल्यावरचं संशोधन थांबवलं, तुला लसीच्या बाटल्या भरायला बसवलं, आणि तू चकार शब्द न काढता बसलीस, याचा मला राग आला. ‘बाटल्या धुवायलाच एम. एस्सी. झालीस का?’ हे वाक्य जरा वरच्या पट्टीत गेलं असेल. मुद्दा बरोबर होता. मी तुझ्या जागी असतो तर साहेबांशी भांडलो असतो. त्यावर तू विचारलंस, ‘तुम्ही आजवर कोणत्या साहेबाशी भांडलात?’ हे मला लागलं. असो.

आता हसू नकोस. प्लेग इथेच आला आहे.

परवा आबासाहेबांच्या, म्हणजे इथल्या पाटलांच्या, कोठीत उंदीर पडले. काल देवळामागे आणखी पडले. उंदीर पडले की काय करायचं हे इथे कुणाला डॉक्टरने सांगावं लागत नाही. गाव उठवायचं. घरांना कड्या घालायच्या, चुलीतला विस्तव बरोबर घ्यायचा आणि रोग सरेपर्यंत माळावर झोपड्या घालून राहायचं. माळ कुठला म्हणशील, तर माझ्याच प्रयोगाला लागून असलेला.

माझा प्रयोग तुला ठाऊक आहे, पण दिवाळीत तू ऐकत नव्हतीस म्हणून पुन्हा सांगतो. रब्बी ज्वारीचे सहा वाण, प्रत्येकाचे चार तुकडे, असे चोवीस तुकडे. कुठला वाण कुठल्या तुकड्यात पडायचा ते चिठ्ठ्या टाकून ठरवलेलं. माझा गडी आसाराम याने चिठ्ठ्या टाकून पेरणी करणारा माणूस जन्मात पाहिला नव्हता. प्रत्येक तुकड्याला आकड्याची खुंटी, आणि कुठल्या आकड्याला कुठला वाण हे फक्त माझ्या वहीत. फेब्रुवारीत प्रत्येक तुकडा वेगळा मळायचा आणि वेगळा तोलायचा. हे तिसरं, शेवटचं वर्ष. हे चोवीस आकडे नीट हाती आले तर माझा अहवाल पुरा होतो आणि जागा कायम होते. नाही आले तर मार्चअखेर मी घरी. बाबांनी माझ्यासाठी नगरच्या कचेरीत एक कारकुनी हेरून ठेवलीच आहे.

तर काल आबासाहेब आले. म्हणाले, “निसळसायेब, गाव उठवायचंय. वढ्याकडं वल हाय, वर निस्ता खडक. तुमच्या रानाशेजारची पट्टी मोकळी हाय, हिर बी हाय.”

मी म्हणालो, “ती सरकारी जागा आहे. नगरहून परवानगी आणावी लागेल.”

“आना की. तवर आमी ऱ्हातो.”

एक्केचाळीस घरं आली. गुरं आली, शेळ्या आल्या, कोंबड्या आल्या. मी चोवीस तुकड्यांभोवती दोरी बांधली आणि मोठ्याने सांगितलं, या दोरीच्या आत कुणीही पाऊल टाकायचं नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. शेळ्यांनी डोलावल्या नाहीत.

माझी प्रकृती उत्तम. गावातही तसं विशेष काही नाही.

मार्तंड विष्णू निसळ, बी. एजी.

धोंडेवाडी
८ डिसेंबर १९४०

सौ. दमयंती हिस,

छत्रीबद्दल काही कळवलं नाहीस. काड्या शाबूत आहेत.

परवानगीचं पत्र नगरहून काल आलं. ‘प्रयोगाच्या जागेजवळ मनुष्यवस्ती होऊ देऊ नये.’ तोवर वस्तीत एक बारसं उरकलं होतं. मी ते पत्र वहीत ठेवून दिलं. बघ, मी साहेबांशी भांडत नाही हे खरं, पण त्यांचं ऐकतही नाही.

माझी भीती खोटी ठरली. मला वाटलं होतं, महिनाभरात या माणसांच्या पायाखाली ज्वारी जाईल. झालं उलट. प्लेगामुळे गावात जाता येत नाही, बाजार बंद, पाथर्डीची मोटार बंद. मोठी माणसं रिकामी. रिकामी माणसं माझ्या दोरीबाहेर उकिडवी बसून चोवीस तुकड्यांकडे बघत असतात. कुठल्या तुकड्यात खोडकिडा आलाय ते मला सकाळी वहीत लिहायच्या आधी ऐकायला मिळतं. शेळी दोरीजवळ गेली की चार दिशांनी चार बायका ओरडतात. नगरच्या ऑफिसने मला एक गडी दिला आहे. इथे मला दोनशे मिळाले.

या सगळ्यांवर हुकूम चालतो तो रंगुबाईंचा. साठीची विधवा बाई, दहा एकर एकटी करते, आणि बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे असं बघते की आपण काहीतरी लपवलंय असं आपल्यालाच वाटायला लागतं. पहिल्याच आठवड्यात विचारलं, “सायेब, मालकीन कुटं हाय?”

“मुंबईला. नोकरी आहे.”

“पत्र येतं का?”

“येतं ना.”

“मग टपालवाला दोन येळा येऊन गेला, तुमी दोनी येळा मान खाली घालून म्हागं का फिरलात?”

यावर मी खोडकिड्याची पाहणी करायला गेलो.

महत्त्वाचं सांगायचं राहिलं. परवा लस आली. डॉक्टर सायकलवर पेटी बांधून आले. पेटी उघडली, तर तुमच्याच प्रयोगशाळेच्या बाटल्या. मी एकेक उचलून चिठ्ठीवरचं अक्षर बघत होतो. डॉक्टरांनी विचारलं, काय शोधताय? म्हटलं, माझ्या बायकोचं अक्षर. ते म्हणाले, “अहो, छापील आहे ते.” तरी मी उरलेल्या बघितल्या.

गावाने मात्र दंड पुढे केला नाही. सुईने ताप येतो, हात गळतो, माणूस कायमचा बसतो, अशा नाना गोष्टी. मी अर्धा तास भाषण दिलं. लस म्हणजे काय, ती शरीरात काय करते, सगळं तुझ्याकडून ऐकलेलं. माझ्या मते भाषण चांगलं झालं. डॉक्टर पेटी बांधून परत गेले, सोळा तारखेला पुन्हा येणार आहेत.

मार्तंड निसळ

धोंडेवाडी
२६ डिसेंबर १९४०

प्रिय दमयंती,

तुझं कार्ड मिळालं. ‘तुम्ही स्वतः टोचून घेतलंत का? तारीख कळवा. दमयंती.’ एवढंच. तीन वेळा उलटसुलट करून बघितलं, आणखी कुठे काही लिहिलंय का.

मागच्या पत्रात मी भाषणाचं लिहिलं आणि माझ्या दंडाचं लिहिलं नाही, हे तू बरोबर पकडलंस. रंगुबाईंनीही पकडलं. सोळा तारखेला डॉक्टर आले, तेव्हा त्या सगळ्या वस्तीसमोर म्हणाल्या, “सायेब, आदी तुमी घ्या. मग आमी दंड म्होरं करतू.”

आता खरं सांगतो. मला सुईची भीती वाटते. लहानपणापासून वाटते. लग्नाआधी हे सांगायला हवं होतं, पण तेव्हा विषय निघाला नाही.

मी सदरा काढला. डॉक्टरांनी स्टोव्हवरच्या उकळत्या पाण्यातून सुई काढली. मी विहिरीकडे बघत होतो. पुढचं मला आठवतं ते हे, की मी जमिनीवर आडवा आहे, आसाराम माझ्या तोंडावर पाणी मारतोय आणि सगळी वस्ती पोट धरून हसतेय. महिनाभरात त्या माळावर कुणी असं हसलं नव्हतं. आबासाहेबांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. रंगुबाई म्हणाल्या, “आगं बया, येवढा शिकलेला गडी सुईला भ्याला, आन् तरी घेतली. चला गं, आपुन काय ह्याच्यापरीस मऊ हाव व्हय!” आणि त्यांनी दंड पुढे केला. त्यांच्यामागे एक्केचाळीस घरं. डॉक्टरांच्या बाटल्या संध्याकाळपर्यंत संपल्या. माझ्या अर्ध्या तासाच्या भाषणाने जे झालं नाही ते माझ्या पडण्याने झालं.

तारीख: सोळा डिसेंबर. दंड दोन दिवस सुजला, ताप एक दिवस.

आणखी एक लपवलं होतं. ‘गावात विशेष काही नाही’ असं मी पहिल्या पत्रात लिहिलं ते खोटं होतं. गाव उठायच्या आठवड्यात तिघं गेले. त्यात आसारामची आई. तिसऱ्या दिवशी तो खुरपं घेऊन कामावर हजर. मी म्हटलं, घरी बस. म्हणाला, “घर बंद हाय सायेब, बसू कुटं?” तेव्हा मला तुझ्यावर रागावलेला मी आठवलो आणि लाज वाटली.

लस टोचल्यापासून आज दहा दिवस झाले. वस्तीत एकही नवा आजारी नाही. लंकाबाईच्या तान्ह्याला ताप आला तेव्हा सगळ्यांचे चेहरे उतरले होते. तो दातांचा निघाला.

दमयंती, मी चुकलो. मुद्दाही चुकला आणि पट्टीही चुकली. तू भरलेलं औषध आज माझ्या दंडात आहे, आसारामच्या आहे, त्या तान्ह्याच्या आईच्या आहे. तू साहेबांशी भांडली नाहीस याचं कारण तुला माझ्या आधी कळलं होतं. मला माफ कर. आणि काहीतरी लिही, कार्डापेक्षा लांब.

तुझा मार्तंड

धोंडेवाडी
१६ जानेवारी १९४१

प्रिय दमयंती,

सहा पानं! टपालवाल्याने लांबूनच पाकीट हलवून दाखवलं, आणि माझ्या आधी रंगुबाई उठल्या. मी ते झोपडीमागे जाऊन वाचलं, मग आसारामच्या गाडीवर बसून वाचलं, मग तुकडा नंबर नऊमध्ये उभं राहून वाचलं.

तू लिहिलंस की तू बाटल्या भरायला हसत बसली नव्हतीस. तुझ्या काचनळ्या लसीसाठी उचलून नेल्या त्या दिवशी तू न्हाणीघरात जाऊन रडलीस. वाळवून ठेवलेल्या पाल्याला बुरशी आली. बाटल्या भरणाऱ्या तुमच्या ओळीतल्या चौघींपैकी कुणाचं संशोधन पुन्हा कधी सुरू होणार हे कुणी सांगत नाही. आणि हे सगळं तुला मला सांगायचं होतं त्याच संध्याकाळी मी ते वाक्य बोललो. वाचून मी कपाळावर हात मारून घेतला.

एक गोष्ट मात्र माझ्या लक्षात आली. प्लेग आला म्हणून तुमच्या मोठ्या साहेबांचं काही बुडालं नाही, माझ्याही साहेबांचं नाही. ते कायम आहेत, त्यांचं संशोधन दोन वर्षांनी सुरू झालं तरी चालतं. आपली नेमणूक वर्षावर्षाची. वर्ष गेलं की माणूस गेला. म्हणून आपण चिडतो, आणि साहेबांवर चिडता येत नाही म्हणून एकमेकांवर चिडतो. निदान मी तरी.

आता आनंदाचं. ज्वारी हुरड्यात आली आहे! असं पीक तिन्ही वर्षांत आलं नव्हतं. दर वर्षी पाखरं मेहनत खातात. यंदा माळावर तीस गोफणी आहेत, एक चिमणी कणसावर टेकत नाही. पोरं, बाया, म्हातारे, सगळे राखणीला.

आणि मी दोरी सोडली. घाबरू नकोस. प्रत्येक तुकड्याच्या कडेच्या ओळी आम्ही हिशेबात धरत नाही, कडेच्या ताटांना उजेड जास्त मिळतो म्हणून. त्या कापून टाकायच्याच असतात. मी आबासाहेबांना म्हटलं, सगळ्या तुकड्यांच्या कडेच्या ओळी वस्तीच्या. आत कुणी हात लावायचा नाही. संक्रांतीच्या आधीपासून रोज संध्याकाळी शेणीच्या विस्तवावर कणसं भाजली जातायत. गरम कणीस हातावर चोळायचं, फुंकर मारायची आणि लसणाच्या चटणीबरोबर तोंडात टाकायचं. कोण कुठल्या तुकड्याचा हुरडा गोड म्हणतो यावरून भांडणं होतात. कुणी ‘हिरीकडचा’ म्हणतो, कुणी ‘बोरीखालचा’. खुंटीवरचे आकडे बहुतेकांना वाचता येत नाहीत, आणि वाण कुठला हे मी कुणाला सांगत नाही. माझ्या वाट्याला रोज चोवीस तुकड्यांचे चोवीस घास. पोट बिघडलं आहे, पण मन खूश आहे.

आतल्या ओळींना खरंच कुणी हात लावलेला नाही. रोज मोजतो.

तुझा मार्तंड

धोंडेवाडी
२० फेब्रुवारी १९४१

प्रिय दमयंती,

सगळं गेलं. हे पत्र नीट लिहिता येईल असं वाटत नाही, तरी क्रमाने लिहितो.

एक तारखेला डॉक्टरांनी गाव मोकळं झाल्याचं सांगितलं. घरं उघडली, धूर केला, भिंती सारवल्या, आणि लोक वाजतगाजत घरी गेले. जाताना आबासाहेब म्हणाले, “सायेब, तुमची काढनी आमी करनार. मजुरी न्हाई घ्यायची.” तशी त्यांनी केली, अगदी माझ्या शब्दाबरहुकूम. खळ्यावर चोवीस वेगळे ढीग, प्रत्येकावर त्याची खुंटी. मी डोळे भरून बघितले. फक्त मळून तोलायचं उरलं होतं. माझ्या तराजूचा काटा अडकत होता म्हणून सतरा तारखेला ऑफिसचा तराजू आणायला नगरला गेलो. आमचे सीनिअर राधाकृष्णराव तोलाईला साक्षीदार म्हणून बरोबर आले. काल दुपारी आम्ही दोघं खळ्यावर पोचलो.

खळ्यावर एकच रास होती.

स्वच्छ उफणलेली, गोल, माझ्या छातीएवढी उंच, मोत्यासारखी ज्वारी. भोवती राखेची रेघ, वर आंब्याचा टाळा, पुढे नारळ. सगळं गाव नवे कपडे घालून उभं. अठरा तारखेला सहा बैलजोड्या जुंपून त्यांनी एका दिवसात चोवीस ढिगांची मळणी उरकली होती. कडबाही एकाच गंजीत. खुंट्या धुऊन, मोळी बांधून माझ्यासाठी ठेवल्या होत्या.

रंगुबाई पुढे आल्या. इतक्या आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नाही. म्हणाल्या, “सायेब, रागावू नगा, तुमाला इचारलं न्हाई. पर धनी एक, रान एक, आन् खळ्यावर ढीग चोवीस? भाऊ येगळं झालं, घर फुटलं, की ढीग येगळं घालत्यात. तुमी तीन वरसं आसं येगळं घालताय. म्हनून तर मालकीन तिकडं आन् तुमी हिकडं. आमी समद्यांनी इचार केला, ह्या मानसानं आमच्यासाटी सुई खाल्ली, दोरी सोडली. त्येचं घर जोडलं पायजे. येक रास केली. आता बगा, ईल ती.”

मग त्यांनी माझ्या हातात नारळ दिला.

मी काय करणार होतो, सांग? ओरडणार होतो? फोडला नारळ. माप सुरू झालं. पहिल्या मापाला इथे ‘एक’ म्हणत नाहीत, ‘लाभ’ म्हणतात. आबासाहेब ‘लाभ’ म्हणाले आणि माझे डोळे वाहायला लागले. लोकांना वाटलं, तुझ्या आठवणीने. तेही अगदी खोटं नव्हतं. नंतर मी विहिरीमागे जाऊन मनसोक्त रडलो.

राधाकृष्णराव तिथे आले. माणूस वाईट नाही, माझ्याविषयी कळवळ्यानेच बोलले. “मागच्या दोन वर्षांचे आकडे आहेत ना? सगळी रास किती भरली तेही कळलंय. त्या बेतात चोवीस आकडे घाला. साक्षीची सही मी करतो. कोण येतंय मोजायला?”

आज सकाळपासून वही उघडून बसलो आहे. तीन वर्षं मी या ताटांमध्ये उभा आहे, कुठला तुकडा किती देईल हे मला डोळे मिटून सांगता येतं. अकरा आकडे लिहिले. फार खरे वाटतात. उरलेले तेरा लिहिले की जागा कायम, नाही लिहिले की कचेरी. तुझ्याकडे लपवण्यासारखं आता काही उरलेलं नाही म्हणून विचारतो. लिहू का?

तुझा मार्तंड

धोंडेवाडी
९ मार्च १९४१

प्रिय दमयंती,

तुझ्या उत्तराची वाट मी बघितली नाही. मागचं पत्र टपालात टाकून परतलो, आणि वाटेत लंकाबाई भेटली. तान्हं कडेवर, दोन दात दाखवत होतं. मला एकदम तुमची ओळ डोळ्यांसमोर आली. तुमच्यातल्या एखादीला त्या दिवशी कंटाळा आला असता, तिने बेताबेताने अर्धी बाटली पाण्याने भरली असती, तर वरून बाटली अगदी खरी वाटली असती. घरी येऊन मी ते अकरा आकडे फाडले.

अहवालात लिहिलं: तिसऱ्या वर्षी पीक उत्तम, तुकडेवार तोल नाही, कारण, गावकऱ्यांनी सद्भावनेने धान्य एकत्र केलं, आणि त्यांना नीट समजावून सांगण्यात मी कमी पडलो. राधाकृष्णरावांनी वाचून डोक्याला हात लावला. तरी अहवाल साहेबांकडे त्यांनीच पोचवला.

मग मी सामान बांधायला घेतलं. निरोप घ्यायला घराघरात गेलो, तर रंगुबाईंच्या आढ्याला चार कणसं टांगलेली. म्हटलं, हे काय? म्हणाल्या, “बी हाय. तुमच्या कडंच्या वळीतलं. हुरडा खाताना निवडून ठिवलं, म्होरल्या साली पेराया.” शेजारच्या घरातही कणसं. त्याच्या शेजारीही. मी वही घेऊन परत पहिल्या घरापासून सुरुवात केली. प्रत्येकाला विचारलं, कुठल्या तुकड्याचं? ते हाताने जागा दाखवायचे, मी नकाशावर आकडा बघायचो. पाच, बावीस, आठ, पुन्हा बावीस, पंधरा, पाच. एक्केचाळीस घरांपैकी एकोणतीस घरं या चार तुकड्यांत. आणि दमयंती, हे चारही तुकडे एकाच वाणाचे! चिठ्ठ्यांनी ते चार कोपऱ्यांत फेकलेले, खुंटीवर वाणाचं नाव नाही, सांगितलं कुणी नाही. दाताने, जिभेने, ताटाला हात लावून त्यांनी ओळखलं. मागच्या दोन वर्षांच्या माझ्या तोलाईत हा वाण दुसरा आला होता. भाकरी कशी होते आणि कडबा गुरं किती आवडीने खातात हे तराजूला कुठे कळतं? मी आबासाहेबांच्या ओसरीवर उड्या मारल्या. आसाराम म्हणाला, “सायेबाला परत सुई टोचली काय?”

ही यादी मी दुसऱ्या टपालाने पाठवली, तोलाईची जागा ती घेऊ शकत नाही हेही स्पष्ट लिहून. काल साहेबांचं उत्तर आलं. तिसरं वर्ष धरता येणार नाही, प्रयोग आणखी एक वर्ष चालवावा, नेमणूक पूर्वीप्रमाणेच तात्पुरती. खाली स्वतःच्या हाताने एक ओळ: ‘गावकऱ्यांच्या निवडीवर सविस्तर टिपण पाठवा. असं कुणी आजवर केलेलं नाही.’ म्हणजे मी कायम झालो नाही, आणि मला इतका आनंद झालाय की कायम झालेल्यांना कधी होत नसेल. बाबांना कळवलं, कारकुनी दुसऱ्या कुणाला द्या.

आबासाहेबांना मी चोवीस ढिगांचं कारण नीट बसून सांगितलं. त्यांनी पागोटं काढून मांडीवर ठेवलं. मग म्हणाले, “म्हंजी आमी तुमचं वरीस खाल्लं.” मी म्हटलं, खाल्लं, पण पुढचं राखून द्या. त्यांनी माझा हात धरला. रंगुबाईंना अजून सांगायचं धाडस झालेलं नाही.

आणि आज तुझं पत्र मिळालं. पाथर्डीच्या टपालात अडकून तब्बल एकोणीस दिवसांनी. एप्रिलपासून काचनळ्या परत मिळणार, आंबाडी पुन्हा सुरू होणार! मी बेशुद्ध पडल्याची हकिकत तू ओळीतल्या बाकीच्या तिघींना वाचून दाखवलीस, हे ठीक नाही, पण माफ. होळीला पंधरा दिवसांच्या रजेवर येतेस हे वाचून मी पत्र घेऊन थेट रंगुबाईंकडे पळालो. त्या जात्यावरून उठल्यासुद्धा नाहीत. म्हणाल्या, “मंग? म्हनलं न्हवतं? कवा लिव्हलंय ते बगा.”

मी तारीख बघितली. अठरा फेब्रुवारी.

एका खळ्यावरून काही सिद्ध होत नाही, प्रयोग चार ठिकाणी, चार वेळा करून बघावा लागतो, हे मीच सगळ्यांना शिकवत आलोय. पण हा एक प्रयोग मला पुन्हा करून बघायचा नाही. पुढच्या वर्षी ढीग चोवीसच घालीन, तू मात्र खळ्यावर माझ्याशेजारी उभी राहा, म्हणजे रंगुबाई ते मोडणार नाहीत.

तेरा तारखेला नगर स्टेशनवर आहे.

तुझा मार्तंड